वरचे दोन दात

बारामतीत भाड्यानं खोली बघायला निघालं की घरमालक काय काय विचारतात, ते मला पाठ झालं होतं. माणसं किती, पाहुणे किती येतात, मटण-मासे करता का, पाणी किती लागतं, आणि मग जरा इकडचं तिकडचं बोलून, घसा साफ करून, आडनावावरून जे काढून घ्यायचं असतं ते. इंदापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला एक खोली बघायला मी आणि सासूबाई गेलो, तर तिथल्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर बसून ते फडक्यानं एक वाकडं पितळी वाद्य पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "घरात कोन वाजवतं का?"

"काय वाजवतं?" सासूबाईंनी विचारलं.

"कायबी."

मी म्हटलं, मी शाळेत शिकवते, प्रार्थनेला पेटी वाजवते. तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता म्हणणार, कटकट नको. तर म्हणाले, "पेटी संगं आनायची. खोली तुमची." आणि किल्ली काढून हातावर ठेवली. परतताना अख्खा रस्ता सासूबाईंची एकच शंका, की त्या खोलीत कुणी फास-बीस घेतला असणार, नाहीतर इतक्या सहजी कोण देतंय. तसं काही नव्हतं. मालकांना पेटी हवी होती आणि पेटीबरोबर माणसं आली तर त्याला त्यांची हरकत नव्हती, एवढंच.

हे आमचे आबा. मूळचे मोरगावकडच्या माळावरचे. घरात मेंढरं, आणि मेंढरांमागं हिंडताना ओठाला पावा. वयात आल्यावर फौजेत गेले ते बंदूक चालवायला, पण कुणा साहेबानं पावा ऐकला आणि त्यांना बँडात टाकलं. तिथं हातात सॅक्सोफोन आला. पुढं उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीत, अधिकाऱ्यांच्या क्लबात एक म्हातारा वादक भेटला आणि त्यानं आबांना जाझचं खूळ लावलं. आबा पेन्शन घेऊन बारामतीला आले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि हे खूळ जास्त होतं. सॅक्सोफोन हा शब्द आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेवर चढला नाही. सगळे पिपाणी म्हणायचे. दुरुस्त करून करून दमल्यावर आबाही पिपाणीच म्हणायला लागले.

जाझ या शब्दाची गत तर त्याहून वाईट झाली. आम्ही राहायला येण्याआधी आबांनी क्लास काढायचं ठरवून एका पेंटरला पाटी सांगितली होती, 'येथे जाझ शिकवला जाईल'. पेंटर बिचारा निवडणुकीच्या भिंती आणि खतांच्या जाहिराती रंगवणारा. जाझ त्यानं जन्मात ऐकला नव्हता, जाच मात्र घरोघरी ऐकला होता. त्यानं आबांची चूक आपल्या परीनं सुधारली आणि लाल-पिवळ्या अक्षरांत रंगवून आणलं, 'येथे जाच शिकवला जाईल'. आबांनी पाटी तशीच ठोकली. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. शिकायला बसल्यावर कळंलच, दोन्ही एकच हाय." मी ती पाटी सासूबाईंना वाचून दाखवली, तर म्हणाल्या, "आता ह्यात शिकवायचं काय असतंय? आमाला कुनी शिकवलं?" जिला तो विषय उपजत येतो, तिच्यापुढं आपण काय बोलावं!

त्या क्लासला एकच विद्यार्थिनी मिळाली, ती म्हणजे मी. तीही स्वखुशीनं नाही. शाळेतून येऊन चहा ठेवते न ठेवते तोच आबा पिपाणी घेऊन दारात. शाळेत मी एका बोटानं प्रार्थना वाजवायची, पोरांनी ती आपापल्या पट्टीत म्हणायची आणि मुख्याध्यापकांनी डोळे मिटून उभं राहायचं, संगीत म्हणजे एवढंच असा माझा समज होता. आबा म्हणाले, "बाई, एका बोटानं दाराची घंटी वाजवत्यात. चार बोटं घाला."

रे, म, ध आणि वरचा सा एकदम दाबले. पेटी केकाटली. ज्यांच्याकडं मी पेटी शिकले त्या गुरुजींनी हे पाहिलं असतं तर पेटी उचलून घरी नेली असती. "हे दोन," आबा म्हणाले, पायाला सरगमीतला दुसरा सूर म्हणून. मग प, नी, रे, म. "हे पाच." मग सा, ग, प, नी. "हे एक. हे घर." दोनवरून पाचावर, पाचावरून एकावर. जगातली निम्मी गाणी म्हणे एवढ्याच तीन मुक्कामांवर चालतात. दोनमधला सा पाचात जाताना नीवर घसरतो, पाचातला म एकात येताना गवर घसरतो. "बोटं उचलू नका, घसरू द्या. सगळी मजा घसरन्यात हाय," आबा सांगत होते, तेवढ्यात आतून सासूबाई कडाडल्या, "मालक, तरनीताठी सून हाय! तिला घसरायचं काय शिकवताय?"

या तीन मुक्कामांवरून पिपाणीनं जी नागमोडी लकेर मारायची, तिला त्या क्लबातल्या म्हाताऱ्यानं 'लिक' म्हटलं होतं. "आता लीक काढतो," असं आबा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सासूबाई हातातली परात टाकून मोरीकडं धावल्या, काय गळतंय ते बघायला. त्या दिवसापासून आबांनी लीक सोडली आणि 'हूल' म्हणायला लागले. मला तो शब्द फार आवडला. "मेंढरू धरायचं झालं, बाई, तर सरळ त्याच्याकडं चालत गेलं की ते पळतंय. वरच्या अंगानं एक हूल द्यायची, खालच्या अंगानं एक, आन मग मधी झडप." म्हणजे ग पकडायचा तर आधी वरचा म, मग खालचा कोमल ग, आणि मग ग. वाजवून बघितलं आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी त्या गवर सरळ चालत जात होते!

आता कुणाला वाटेल, मी हुली शिकले. कसलं काय! वर्षानुवर्षं मी नुसतं दोन-पाच-एक धरून बसले आणि हुली आबा देत राहिले. मधेच उजव्या हातानं जरा काही करून बघितलं, की पिपाणी तोंडातून काढून ओरडायचे, "ती माजी हाय!"

"मग माझी कुठली?"

"मला काय म्हाईत? ज्येची त्येनं हुडकायची."

"हुडकायला हात मोकळा कुठाय? दोन-पाच-एक कोण धरणार?"

"तुमीच की."

अशी गुरुकृपा. माझं डोकं फिरायचं. या माणसाला शिष्य नकोच होता, त्याला पेटी हवी होती, पेटीमागं कोण बसलंय हे बघायलाही त्याला सवड नव्हती. तरी मी दुसऱ्या दिवशी बसायचेच. खोटं कशाला बोलू, त्या प्रार्थनेनं मेलेले कान तिथं जिवंत व्हायचे.

आबांचं सगळं आयुष्यच या तीन आकड्यांत बसलेलं. कुणी बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून उठला की आबा त्याचा दंड धरायचे, "पाचावर सोडून कुठं चाललास? एकावर ये, मग जा." दूधवाला एकदा "बरं का आबा, काल काय झालं..." म्हणून सायकलवर बसला, तर त्याला चौकापर्यंत जाऊन परत आणला. त्याला काय सांगायचं होतं ते तो तोवर विसरला होता, मग त्यानं काहीतरी रचून सांगितलं. आबांचं समाधान झालं. आमच्या ह्यांची स्कूटर सकाळी दोनदा खोकून बंद पडायची, तेव्हा आबा ओट्यावरून इतके कासावीस व्हायचे की शेवटी स्वतः उतरून किक मारायचे.

देवळातल्या भजनी मंडळानं एकदा, आपलं माणूस म्हणून, त्यांना पिपाणी घेऊन बोलावलं. अभंगाची ओळ संपायच्या जागी आबांनी अशी एक हूल दिली की पखवाजवाला समेवर एकटाच जाऊन पोचला, टाळकरी दोन ठिकाणी विभागले आणि बुवा तोंड उघडं ठेवून तसेच राहिले. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "आबा, तुमी घरीच वाजवा. हितं देव बिचकतोय."

सगळे हसले, आबाही हसले. पण घरी आल्यावर पिपाणी खोक्यात ठेवताना म्हणाले, "फौजेत साऱ्या मुलखानं टाळ्या वाजवल्या, बाई. त्येचं काय न्हाय. माज्या मानसांनी एकदा ऐकावं. निस्तं ऐकू न्हाय, कळावं. मी पिपानी फुकत न्हाय, मी बोलतोय. हितल्या लोकांत बसून एकदा नीट बोललो, की मग सुटलो." एरवी या माणसावर मी चिडलेलीच असायची, पण त्या दिवशी मला त्यांची दया आली. आणि हे व्हायचं तर लवकर व्हायला हवं होतं, कारण आबांचा पुढचा दात हलायला लागला होता.

पिपाणीचं तोंड वरच्या दोन दातांखाली पकडावं लागतं. ते दात गेले की फुंकर इकडं तिकडं पळते, सूर धरत नाही. आबा म्हणायचे, "वरचे दोन दात पिपानीचे. बाकीचे भाकरीचे." त्या दोन दातांना त्यांनी राजासारखं ठेवलं होतं. भाकरी कालवणात बुडवून, पार लगदा करून खायचे. पेरू बघितला की तोंड फिरवायचे. आणि बारामती तालुक्यात राहून ऊस खायचे नाहीत, यातून केवढं रामायण व्हावं! पिंपळीला त्यांच्या एका फौजी दोस्ताच्या मळ्यात आम्ही सगळे गेलो होतो. दोस्तानं चांगलं कांडं निवडून, तासून पुढं केलं. आबा म्हणाले, "नगं." दोस्ताचा चेहरा पडला. त्याच्या भावाला वाटलं उसात काही खोट काढली, त्यानं दुसरा मोडून आणला, मग तिसरा. शेवटी त्या घरानं ठरवून टाकलं की आबांना साखरेचा आजार झालाय, आणि निघताना पिशवीभर कारली दिली. दातांच्या डॉक्टरनं तर तपासून सरळ सांगितलं, दोन्ही काढून टाकू, कवळी बसवू. आबा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मग वाजवायला तुमी या."

आमचे हे लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखान्यानं संक्रांतीला कामगारांच्या कुटुंबांचा मेळावा इंदापुरात घ्यायचं ठरवलं. बायकांसाठी हळदीकुंकू आणि सगळ्यांसाठी सांस्कृतिक कार्यक्रम. ह्यांनी कार्यक्रमात आबांचं नाव घातलं. आबांनी ऐकलं आणि आठवडाभर पेज पिऊन राहिले, दाताला धक्का नको म्हणून. कुठली धून घ्यायची यावर डोकं खाजवून त्यांनी मेंढरं वळवायची हाक काढली, लहानपणी माळावर घालायचे ती. खाली माझं दोन-पाच-एक आणि वर ती हाक, तिच्यावर हुली. "ह्यो आवाज आपल्या मानसांच्या कानातला हाय," ते म्हणाले. "आता कळंल." मला सांगायला हवं, ती धून फार सुंदर झाली होती. ऐकताना माझी बोटं दोनदा चुकली.

मेळाव्याला हॉल भरलेला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, आणि मधल्या मोकळ्या जागेत पोरांची पळापळ. पाहुण्यांची वाट बघण्यात पहिला तास गेला. पाहुणे म्हणजे कुठल्याशा संस्थेचे माजी सभापती. आल्यावर त्यांचा सत्कार, त्यांच्याबरोबर आलेल्यांचा सत्कार, त्यांच्या ड्रायव्हरचं नाव चुकून यादीत आलं म्हणून त्याचाही सत्कार. मग पाहुण्यांनी उद्योग, शेती, पाणी आणि तरुण पिढी अशा क्रमानं सगळ्यांना मार्गदर्शन केलं. मी पेटी घेऊन मंचाच्या कडेला बसलेली, आबा बाजूला ताठ, मिशांना रंग, अंगात जुना काळा कोट.

"आता स्थानिक कलावंताचा सत्कार!" निवेदक म्हणाला. शाल झाली, नारळ झाला. मग कुणीतरी तिळगुळाच्या लाडवांचं ताट पुढं केलं. ते लाडू कारखान्याच्या कँटीनमध्ये वळलेले, आणि आचाऱ्यानं गुळाचा पाक जरा जास्तच पुढं नेलेला. मी सकाळी एक खाऊन बघितला होता, तो खाण्यापेक्षा फेकून मारण्याचा पदार्थ होता. पाहुण्यांनी लाडू उचलला आणि आबांच्या तोंडाशी नेला.

आबांनी ओठ मिटले, हात पुढं केला, हातात द्या म्हणून. पण फोटोग्राफर ओरडला, "साहेब, भरवा! जरा आत! अजून आत!" संक्रांतीचा लाडू, भरवणारा पाहुणा, समोर सगळा समाज. नाही कसं म्हणणार? पिंपळीच्या मळ्यात म्हणता आलं, इथं आलं नाही. आबांनी तोंड उघडलं, फोटोसाठी पाहुण्यांनी लाडू दाबून धरला, आणि दिवा लखकन् चमकला. टाळ्या झाल्या. टाळ्यांत तो 'कट' आवाज फक्त मला ऐकू आला.

आबांनी पाठ फिरवली आणि लाडू तळहातावर काढला. लाडवाला दात चिकटलेला होता.

"आता आबा आपल्यासमोर पिपाणीवादन सादर करतील. वेळेअभावी थोडक्यात," निवेदक म्हणाला. आबांनी पिपाणी ओठाला लावली. नुसती हवा आली. पुन्हा लावली, पुन्हा फुस्स. पोरं हसली, मग मोठीही हसली. आबांनी पिपाणी मांडीवर घेतली. त्या पाहुण्याच्या डोक्यात पेटी घालावी असं वाटलं मला.

आबा सरकत माझ्या डाव्या बाजूला आले. डावा हात मागं भात्यावर ठेवला, उजवा खालच्या पट्ट्यांवर. त्यांच्या शब्दांतून हवा निसटत होती. "पोरी, मी दोन-पाच-एक धरतो. तू हूल दे."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी पोरी म्हटलं नव्हतं. मी ती माळावरची हाक वाजवली, आणि हाक संपल्यावर त्यांची सगळ्यात देखणी हूल दिली. मला त्यांच्या सगळ्या पाठच होत्या. निम्म्यात पेटीचा आवाजच गेला. आबांनी भाता थांबवला होता.

मी बघितलं, ते समोर बघत होते. भाता पुन्हा सुरू झाला. मी त्यांची दुसरी हूल घेतली. पुन्हा हवा बंद. पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, "पेटी बिघडली जनू." माझ्या कानांतून वाफा यायला लागल्या. अहो, भर सभेत? दात तुमचा पडलाय, लाज माझी काढताय? चारचौघांत तोंडानं तर काही बोलता येईना. मग जे तोंडात आलं होतं तेच बोटांनी पट्ट्यांवर आदळलं. 'मारा की भाता! मारा की भाता, आबा!' हवा नव्हती तरी आदळलं. आबा दचकले, आणि भाता मारला.

मग मी थांबलेच नाही. ते दोनवर होते, मी त्यांना म्हटलं, मला किती वर्षं नुसतं धरायला बसवलंत. पाचावर म्हटलं, सगळं माझं माझं म्हणालात, माझं काय ते कधी विचारलंत का. एकावर येताना रडायला आलं, तेही वाजवलं. वरून गेले, खालून गेले, चुकीच्या पट्टीवर पाय पडला, तिथूनच पुढं गेले. आबा खाली मुक्काम सांभाळत होते, एकही चुकले नाहीत, आणि भाता एकदाही थांबला नाही. संपलं तेव्हा निवेदकानं टाळ्या वाजवल्या म्हणून लोकांनीही वाजवल्या, आणि चहाची घोषणा झाल्यावर त्याहून जास्त वाजवल्या.

आम्ही पेटीला खोळ घालत होतो, तेव्हा सासूबाई तरातरा आल्या. हातात हळदीकुंकवाचं वाण, कपाळभर कुंकू. "काय गं, त्या म्हाताऱ्या मानसाशी भर सभेत एवढं भांडायचं का? दात पडलाय त्येचा!"

"मी कुठं भांडले? तोंड तरी उघडलं का मी?"

"मला कळत न्हाय व्हय? पेटीवर भांडत व्हतीस की. आदी त्येंचंच त्येंना ऐकवलं, ते त्येंनी घेतलं न्हाय. मग चिडलीस. मला बसवून ठिवलं, माझं कुनी इचारलं न्हाय, म्हनालीस. आन शेवटी रडलीस. सगळं कळलं मला."

आबा पिपाणीचं खोकं बंद करता करता थांबले. दात झाकायला तोंडावर धरलेला हात खाली आला, मधलं खिंडार उघडं पडलं, पण त्याचं त्यांना भान नव्हतं. आयुष्यभर जे मागत होते ते झालं होतं, इथल्या माणसाला कळलं होतं. पण कळलं ते माझं बोलणं, त्यांचं राहूनच गेलं, हे मला त्याही वेळी टोचलं.

"आक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "आन मी? मी खाली काय म्हनत व्हतो?"

सासूबाईंनी जरा आठवून बघितलं. "तुमी व्हय? तुमी निस्तं, 'व्हय पोरी, व्हय' म्हनत व्हता."

आबांनी सत्काराच्या शालीनं डोळे पुसले. "व्हय," ते म्हणाले.